टोप्यांवरून ओळखलेला राजा

भुसावळला उतरलो ते रॉबर्ट गिलसाठी. मद्रास लष्करातला हा अधिकारी १८४४ साली कंपनी सरकारच्या हुकमानं अजिंठ्याला आला आणि भिंतींवरची चित्रं तैलरंगांत कॅनव्हासवर उतरवत राहिला. त्या नकला लंडनला गेल्या आणि बहुतेक सगळ्या १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल १८७९ साली भुसावळात वारला; इथल्याच युरोपियन दफनभूमीत त्याला पुरलं.

जळगावहून एसटी धरली. नेरी, मग पहूर. तिथं शेवभाजी-भाकरी खाल्ली. तर्रीनं डोळ्यांत पाणी आणलं. फर्दापूरला उतरून लेण्यांची बस घेतली.

पहिल्या लेण्यात शिरणारे सगळे पद्मपाणीकडे धावतात. मी मागे वळून दाराच्या भिंतीकडे पाहत राहिलो. गादीवर राजा बसलाय, भोवती दरबार, आणि टोकदार टोप्या घातलेले दाढीवाले परदेशी नजराणे घेऊन आलेत. गिलच्या मृत्यूच्याच वर्षी जेम्स फर्ग्युसननं या चित्रावर निबंध लिहिला. राजा म्हणजे बदामीचा चालुक्य दुसरा पुलकेशी आणि पाहुणे इराणच्या दुसऱ्या खुस्रोचे वकील, असं त्यानं ठरवलं. छतावरच्या मद्यपानाच्या चित्रात तर त्याला खुद्द खुस्रोच दिसला.

मला आठवलं जाक-लुई दाविदनं १८१२ साली रंगवलेलं नेपोलियनचं तैलचित्र. ते आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यासाठी नेपोलियन चित्रकारासमोर बसलाच नव्हता. तरी ओळखायला चुकाल अशी सोय दाविदनं ठेवलेली नाही. टेबलावर कायद्याची संहिता, जळत आलेली मेणबत्ती, पहाटेचे चार वाजून गेल्याचं दाखवणारं घड्याळ, खुर्चीवर तलवार. प्रजा झोपलेली असताना राज्यकर्ता जागा आहे, हे एकेक वस्तू साक्षीदारासारखी सांगते.

अजिंठ्याच्या चित्रकारानं अशी साक्ष कुठंच मांडली नाही. फर्ग्युसननं ती टोप्यांतून आणि दाढ्यांतून काढली. पुढं वॉल्टर स्पिंकसारख्या अभ्यासकांनी हे लेणं पाचव्या शतकातल्या वाकाटक हरिषेणाच्या काळात नेलं. पुलकेशी गादीवर आला सातव्या शतकात. मग तो इथं कसा बसणार? आज या प्रसंगाकडे बौद्ध कथेतला दरबार म्हणून पाहतात. व्यापारानिमित्त येणारे पश्चिमेकडचे लोक चित्रकारांनी पाहिले असतील, तेव्हा टोप्या खऱ्याच.

नाव गळून पडल्याचं मला वाईट वाटलं नाही. दाविदच्या चित्रात नेपोलियनखेरीज कुणाला जागाच नाही. इथं राजाचं नाव गेलं आणि माझी नजर इतरांकडे वळली: चवरी ढाळणारी दासी, मोत्यांची माळ पुढं करणारा पाहुणा, दाटीवाटीनं उभे असलेले दरबारी. पुलकेशीला शोधत बसलो असतो, तर यांतलं कुणीच मला दिसलं नसतं.