सनदेनंतरची पहिली रात्र

आमची नोकरी कर्नाटक सरकारच्या सेवेत गेली, आणि तीही बहुतांशी आस्थापना शाखेत. नव्या पशुवैद्यांच्या नेमणुकीचे आदेश आमच्या टेबलावरून जात. पदवी, राज्य पशुवैद्यक परिषदेचे नोंदणीपत्र आणि रिक्त जागांची यादी, हे तीन कागद जुळले की आमचे काम संपले. मुलगा कुठल्या गावी एकटा पडणार, यासाठी त्या नस्तीत रकाना नव्हता; आणि खरे सांगायचे तर आम्हीही तो कधी आखला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सदलग्याला आमच्या धाकट्या बंधूंची म्हैस अडली. दूधगंगेला पाणी चढलेले, रात्रीचे अकरा वाजलेले. महिन्यापूर्वी रुजू झालेला हासनकडचा तरुण डॉक्टर भिजत आला. त्याला मराठी येत नव्हते, आणि आमच्या वहिनींचे कानडी बाजारापुरते. त्याने हात घालून तपासले आणि तो गप्प झाला. गर्भाशयाला पीळ पडला होता. त्याचे निदान अचूक होते. पुढचे पाऊल मात्र त्याने एकट्याने कधी टाकले नव्हते. कंदिलाच्या उजेडात त्याचा चेहरा पाहिला आणि आम्हांस आमच्या सहीचे ते सगळे आदेश आठवले.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीवाचून पशुवैद्यकी करता येत नाही. पदविकाधारकांना किरकोळ उपचारांची मुभा राज्य सरकार देऊ शकते, पण तीही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. हे योग्यच आहे. भोंदूंच्या हातून दगावलेली जनावरे आम्ही पाहिली आहेत. २०१६ च्या नियमांप्रमाणे साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एक वर्ष आंतरवासितेचे असते, आणि त्या वर्षी पाठीशी गुरुजन असतात. नोंदणी झाली की ते मागे राहतात, आणि दवाखान्याची किल्ली हाती येते. ब्रिटनमध्ये २०२१ पासून नव्या पदवीधराला पहिल्या नोकरीत एक अनुभवी सल्लागार पशुवैद्य जोडून देतात. आमच्याकडे हे काम ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेले असते.

त्या रात्री नशीब बरे होते. बंधूंनी गल्लीतल्या निवृत्त पशुधन निरीक्षकांना उठवून आणले. गाव त्यांना मामा म्हणते. मामांनी जनावराला हात लावला नाही, कायदा त्यांना पाठ होता. गोठ्याच्या दारात उभे राहून त्यांनी कानडीत एवढेच विचारले, ‘‘पीळ कोणत्या अंगाला, डॉक्टर?’’ उत्तर आले, उजव्या. मग म्हशीला उजव्या कुशीवर पाडले, पाय बांधले, पोटावर लांब फळी टाकली आणि तिच्यावर बंधू उभे राहिले. डॉक्टरने इशारा करताच चौघांनी पायांचे दोर ओढून तिला उजवीकडेच लोळवले. दुसऱ्या खेपेस पीळ सुटला. हे सारे त्या मुलाने पुस्तकात वाचलेले होते. मामांनी त्याला नवे काही शिकवले नाही. ‘‘घाई नाही, आणखी एकदा तपासा,’’ एवढेच ते मधूनमधून म्हणत राहिले.

पहाटे रेडकू उभे राहिले. वार पडेपर्यंत डॉक्टर थांबला. वहिनींनी चहा दिला, तेव्हा त्याने खिशातली वही काढली आणि मामांना विचारून कानडी लिपीत शब्द उतरवून घेतले: अडली, पीळ, वार, गाभण. पाचवा शब्द त्याने स्वतःहून विचारला. ‘घाबरू नका’ हे मराठीत कसे म्हणतात?