वळचा आयरिश पाव

वीकेण्डला कुठे, असं विचारल्यावर मी ‘वळ’ म्हटलं की ऑफिसातले हसतात. भिवंडीचं वळ म्हणजे गोदामं, कंटेनर आणि धूळ! माझं मात्र ते आजोळ. पत्र्याच्या शेड्स संपल्या की मामीचं घर.

गेल्या महिन्यात तिथे ओव्हनच घेऊन गेले, आयरिश सोडा ब्रेड करायला. यीस्टची भानगड नाही. आयर्लंडचा गहू मऊ, यीस्टला फारसा न मानवणारा. १८३०च्या दशकात तिथे खाण्याचा सोडा पोचला, ताक घरचंच होतं. दोघांची गाठ पडताच वायू सुटतो आणि त्यावरच पाव फुगतो. म्हणून पीठ भिजवल्यावर गप्पा बंद! पाव किलो मैदा, अर्धा चमचा सोडा, तेवढंच मीठ, पाऊण कप आंबट ताक. मळायचं नाही, नुसता गोळा जमवायचा. वर खोल फुली मारून २०० डिग्रीला ३५-४० मिनिटं. बुडावर टकटक केल्यावर पोकळ वाजला की झाला.

तिकडे गरिबाघरी लोखंडी भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून भाजत. हे ऐकल्यावर उकड मळणाऱ्या मामीने पहिल्यांदा नीट बघितलं. “यो केक हाय क पाव?” मग जवळ्याच्या चटणीशी तुकडा खाल्ला. “तांदलाचं पीठ घाल थोडं.”

ते पीठ आता वाण्याकडचं. घरचं शेत गोदामाखाली गेलं. तिथे हल्ली कुणाचे तरी टीव्ही ठेवलेत.

दुसऱ्या पावात चौथा हिस्सा तांदळाचं पीठ घातलं. कापताना भुगा झाला. मामीने तो चटणीत कालवून संपवला.