घरगुती लिव्हर एस्प्रेसो यंत्रे : वापरावीत की जपावीत? (थ्रेड)

१/ लग्नाच्या स्वागतसमारंभातील फेसाळ ‘एक्स्प्रेसो’ म्हणजे बहुधा इन्स्टंट कॉफी घालून वाफेने घुसळलेले दूध. इटलीतील एस्प्रेसोचा इतिहास मात्र वाफेला दूर सारण्यातून घडला. त्या इतिहासाचे काही साक्षीदार आज संग्राहकांच्या स्वयंपाकघरांत उभे आहेत.

२/ मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये झटपट कॉफीच्या यंत्राचे पेटंट मिळवण्यासाठी पाऊल उचलले. ते यंत्र वाफेच्या दाबावर चाले. दाब जेमतेम दीड बार. शिवाय अतितप्त पाण्यामुळे कॉफीला करपट चव येई.

३/ मिलानमध्येच कॉफीगृह चालवणाऱ्या आकिल्ले गाज्जा यांनी १९३८ मध्ये दट्ट्याने पाणी ढकलण्याच्या युक्तीसाठी पेटंटचा अर्ज केला. १९४८ मध्ये त्यांचे तरफेचे यंत्र बाजारात आले. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दबे. सोडला की तीच दट्ट्याला रेटा देई. दाब आठ-नऊ बारपर्यंत गेला आणि पेल्यात तपकिरी साय दिसू लागली : ‘क्रेमा’. यंत्रावर अभिमानाने लिहिले होते की ते वाफेविना चालते.

४/ १९५० च्या दशकात हे तंत्र घरात शिरले. गाज्जाची ‘जिल्दा’, फाएमाची ‘फाएमिना’. पुढे १९६१ मध्ये ला पावोनीची ‘युरोपिक्कोला’ आणि १९६७ मध्ये स्वित्झर्लंडची ‘क्रेमिना’.

५/ शेवटच्या दोहोंत स्प्रिंग नाही, दाब हाताचाच. सुमारे ५ सेंटीमीटर व्यासाच्या दट्ट्यावर ९ बार म्हणजे जवळजवळ १८० किलोंचा भार. तरफेमुळे त्याचा लहानसा अंशच हाताला पेलावा लागतो. पूड भरड असेल तर दांडा सहज खाली येतो, अतिबारीक असेल तर अडतो. चूक प्रथम तळहाताला कळते, जिभेला नंतर.

६/ १९६१ मध्येच फाएमाच्या ‘ई६१’ने कॉफीगृहांत विजेचा पंप आणला. कालांतराने पंप घरातही आला. तरफेची यंत्रे पूर्णतः थांबली नाहीत, पण जुनी पुष्कळशी भंगारात गेली.

७/ जी उरली, त्यांचे रबरी वॉशर कडक झालेले, बॉयलरमध्ये क्षारांचा थर, क्रोमचा मुलामा उडालेला. आरंभीच्या ‘क्रेमिना’त तर बॉयलरभोवती ॲसबेस्टॉस होते. तेव्हा ‘सर्व काही मूळ स्थितीत’ हा आग्रह आरोग्याला घातक ठरू शकतो.

८/ उलट, सारे घासूनपुसून नवे करणे हीही हानीच. तळपाटीवरील व्होल्टेजचा आकडा पाहावा : त्या काळी इटलीत सर्वत्र एकाच व्होल्टेजची वीज नव्हती, ही गोष्ट तो आकडा सांगतो. दांड्याची झिजलेली मूठ रोजच्या वापराची साक्ष देते. नवा मुलामा हे दोन्ही पुरावे पुसून टाकतो.

९/ म्हणून जाणते संग्राहक मधला मार्ग धरतात. रबर बदलावे, ॲसबेस्टॉस तज्ज्ञाकडून काढून घ्यावे, काय बदलले याची नोंद ठेवावी. पाटी, मूठ आणि ओरखडे तसेच राहू द्यावेत.

१०/ आणि अधूनमधून त्यावर कॉफी करावी. काचेच्या कपाटात यंत्राचा आकार टिकतो. दांडा किती वेगाने ओढावा, हे ज्ञान टिकत नाही. ते एका हाताने दुसऱ्या हाताला दाखवावे लागते, आणि त्यासाठी यंत्र तापलेले असावे लागते.