दुसरी खिडकी

आमच्या नातीने दोन वर्षांपूर्वी कॉलेजचा फॉर्म भरला, तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. मुख्य विषय अर्थशास्त्र, दुय्यम विषय इतिहास, आणि वर थोडे पर्यावरण! "ही काय राईस प्लेट आहे?" असे चिरंजीव म्हणाले. सूनबाईंना फीचा आकडा ऐकूनच घेरी आली होती. माझी एक मुदतठेव मोडल्याशिवाय तो आकडा जुळत नव्हता. त्यामुळे माझ्या मताला त्या दिवशी घरात एकाएकी किंमत आली.

मी हो म्हणालो. कारण १९६८ सालचे आहे. प्रवेशाच्या रांगेत मी कारकुनांना विचारले होते, गणिताबरोबर इतिहास घेता येईल का? चष्म्यावरून पाहत ते म्हणाले, "शास्त्राची खिडकी ही, कलेची ती. चला, मागे रांग आहे." मी शास्त्राच्याच खिडकीशी उभा राहिलो, इंजिनिअर झालो, पाटबंधारे खात्यात ३३ वर्षे काढली. तक्रार नाही, पण ती दुसरी खिडकी काही डोक्यातून गेली नाही.

वास्तविक पुण्याला हे नवे नव्हे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेल्या दामोदर कोसंबींनी जुनी आहत नाणी तोलली, त्यांची झीज गणिताने मोजली आणि तीवरून इतिहास वाचला. पण सगळेच काही कोसंबी नसतात! आता सिंबायोसिसने २०११ साली अशा शिक्षणासाठी वेगळे कॉलेज काढले, आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर जुन्या कॉलेजांतूनही मुख्य नि दुय्यम विषयांची भाषा ऐकू येऊ लागली. चिरंजीवांचा प्रश्न मात्र कायम: "पुढे नोकरी कसली?"

गेल्या श्रावणात नात वही घेऊन माझ्यापुढे बसली. तिला कात्रजच्या पाण्यावर निबंध लिहायचा होता. मग काय, माझा घोडा उधळला! नानासाहेब पेशव्यांच्या वेळी, १७५०च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून गावात आणले. पंप नाही, नुसता उतार. वाटेत उच्छ्वास, म्हणजे हवा जायला आणि गाळ काढायला ठेवलेली तोंडे. आणि शेवटी पेठापेठांतले हौद. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटले, नळ कोरडे पडले, तेव्हा आमच्या वाड्याने हौदाच्या पाण्यावरच दिवस काढले. मी दहा वर्षांचा. कळशी खांद्यावर घेऊन केवढ्या ऐटीत चालत होतो!

तिने सारे टिपून घेतले, उताराचे गणितही समजावून घेतले. मग म्हणाली, "आजोबा, हौदावर कोणाला पाणी भरू देत नसत?"

मी सांगितले, १८६८ साली जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

"ते आहे माझ्या वहीत. तुमच्या हौदावर कोण कोण यायचे? १९६१ साली?"

आमच्या वाड्यात झाडलोटीला एक बाई येत. त्या दिवसांत त्यांनी पाणी कुठून भरले, मला आठवेना. आठवेना तरी कसे म्हणू? मी पाहिलेच नव्हते. पुढे ३३ वर्षे पाणी मोजण्यात गेली, तेव्हाही हे कधी मनात आले नाही.

"मग लिहू, आजोबांना माहीत नाही म्हणून?"

"लिही," मी म्हणालो.

चिरंजीव इतका वेळ वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. ते खाली ठेवीत म्हणाले, "बाबा, नाशिकची आत्या तेव्हा मोठी होती ना? तिला फोन लावू का?"