दमलेलें यंत्र

आपली चूक दुसऱ्या माणसानें दाखवून दिली म्हणजे आपल्याला राग येतो. पण तीच एखाद्या निर्जीव वस्तूनें दाखविली तर आपण ती निमूटपणें कबूल करतों. गेल्या चैत्रांत तळहाताएवढ्या एका संगणकानें मला असाच एक धडा दिला. पण तो देतांना माझाच एक विद्यार्थी साक्षीला हजर होता, त्यामुळें निमूटपणें सुटण्याची सोयही राहिली नाहीं.

माझ्याजवळ जुन्या मासिकांचे दोन-तीनशें अंक आहेत. त्यांचीं पानें पिवळीं पडलीं, कडा झडूं लागल्या, म्हणून त्यांचीं छायाचित्रें घेऊन तीं संगणकाकडून वाचवून घ्यावीं असा उद्योग मीं आरंभिला. त्यासाठीं एकाच पाटीवर सारा संसार मांडलेला एक चिमुकला संगणक आणला. या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे ‘रास्पबेरी पाय’. शाळकरी मुलांच्या हातीं स्वस्त यंत्र पडावें म्हणून तो २०१२ सालीं इंग्लंडांत निघाला. माझें यंत्र त्याच कुळांतलें. धूळ बसूं नये म्हणून मीं त्याला प्लास्टिकच्या बंद पेटींत घातलें आणि पश्चिमेच्या भिंतीशीं, कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिलें. कौतुकाच्या भरांत लहान मुलाला भर उन्हांत स्वेटर घालावा, त्यांतलाच हा प्रकार!

सकाळीं एक पान वाचावयास त्याला अर्धें मिनिट लागे. दुपारीं दोन वाजतां चांगलें मिनिटभर. सोलापुरांत पारा ४३ अंशांवर गेला तरी कोणी त्याचें नवल करीत नाहीं. मग यंत्रानें तरी उन्हाची सबब कां सांगावी? यंत्र सदोष आहे, असा निकाल मीं देऊन टाकला.

निकाल देण्याची मला संवयच आहे. त्याच महिन्यांत दुपारच्या तासाला शेवटच्या बांकावरचा एक मुलगा रोज डुलक्या घेत असे. एके दिवशीं त्याला उभें करून मीं विचारलें, “रात्रभर काय दिवे लावतोस?” वर्ग हसला. तो कांहींच बोलला नाहीं. पुढें यंत्रांतलें त्यालाच सर्वांत अधिक कळतें असें समजल्यामुळें, थोड्याशा संकोचानेंच, मीं त्याला घरीं बोलाविलें.

त्यानें पेटीला हात लावला आणि म्हणाला, “सर, बिघाड काही नाही. ह्याला वाराच नाही. ते तापलंय, म्हणून सावकाश करतंय.” पडद्यावर त्यानें आंकडा दाखविला : ८२ अंश.

मग त्यानें मला समजावून दिलें. यंत्र जितकें अधिक काम करील तितकी उष्णता अधिक. आणि ही उष्णता भोंवतालच्या हवेच्या तपमानावर चढत जाते. समजा, पूर्ण कामावर असतां तें हवेपेक्षां ५० अंशांनीं अधिक तापतें. २० अंशांच्या विलायती खोलींत तें ७० वर थांबेल. आमच्या ४० अंशांच्या खोलींत तेंच ९० कडे धांव घेईल. रास्पबेरी पायसारखें यंत्र ८० ते ८५ अंशांच्या दरम्यान आपली गति आपणच कमी करूं लागतें. तें काम टाकीत नाहीं. जळून जाण्यापेक्षां हळू चालणें पत्करतें.

माठाला गुंडाळतों तसें ओलें फडकें जवळ ठेवावें काय, असें मीं विचारलें. तो हसला. माठ पाझरतो, माणसाला घाम येतो, म्हणून दोघांनाही भोंवतालच्या हवेहून थंड राहतां येतें. यंत्राला घाम नाहीं. ओल लागली तर तें बिघडेल. पंखा कितीही फिरविला तरी तो यंत्राला खोलीच्या हवेहून थंड करूं शकत नाहीं. दोहोंमधलें अंतर तेवढें कमी करतो. म्हणून मुख्य चिपेवर ॲल्युमिनियमचा दांतेरी तुकडा, मधली फट बुजविणारा लेप, वर इवलासा पंखा, पेटी उघडी, पाटी उभी म्हणजे तापलेली हवा आपोआप वर निघून जाते, जागा भिंतीपासून दूर, आणि अगदीं जड काम पहांटे : असे उपाय ठरले. पुढच्या आठवड्यांत दुपारीं दोन वाजतां आंकडा ६८ वर स्थिर राहिला आणि पान अर्ध्या मिनिटांत वाचून झालें.

“हें कोठें शिकलास?” मीं विचारलें.

“घरीच, सर. वडलांच्या मागाची मोटर तापते, तेव्हा हेच करतो.”

तो पूर्वभागांत राहतो. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. भोंक पाडलेल्या पत्त्यांवरून चादरीची नक्षी उतरविण्याची जकार्डची युक्ति बॅबेजनें आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यांत घेतली होती. म्हणजे संगणकाचा एक पूर्वज या मुलाच्या पाहण्यांतलाच. राहण्यास पत्र्याची एकच खोली. पत्रा मध्यरात्र उलटेपर्यंत निवत नाहीं. पंखा आहे, पण तो तीच गरम हवा फिरवितो.

“मग झोंपतोस केव्हां?”

“पहाटे जरा लागते, सर.”

मला पुढें कांहीं विचारवलें नाहीं. यंत्र मंदावलें तेव्हां त्याला वारा मिळतो कीं नाहीं हें पाहणारा कोणी तरी भेटला. मुलगा मंदावला तेव्हां मीं वर्गाला हंसविलें.

माझा दुपारचा तास आतां सकाळीं साडेसातला असतो. तो जागा असतो. चांगले प्रश्नही विचारतो. वर्गासमोर केलेला अपमान वर्गासमोरच भरून द्यावयास हवा होता. तेवढें धैर्य मात्र मला अजून झालेलें नाहीं. यंत्राच्या पडद्यावर तापाचा आंकडा उमटतो, मुलाच्या कपाळावर उमटत नाहीं. तो विचारून घ्यावा लागतो, आणि तीस वर्षें शिकवूनही तें मला उशिराच सुचलें.