चित्र अक्षतांपाशीच का अडते

लातूर

ती. मामांस,


टीव्हीला जोडलेला तुमचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री संगणक एचडी व्हिडिओ अडकत अडकत दाखवतो, तर तो काढून नवा घ्यावा की त्यातच काही घालून भागेल, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत आधी सांगतो, कारणे मागून. संगणक काढू नका, आणि रॅम वाढवण्यावर किंवा एसएसडी बसवण्यावरही या कामासाठी पैसे घालू नका. व्हिडिओ सुरळीत चालणे हे संगणक एकंदर किती वेगवान आहे यावर फारसे ठरत नाही. जो व्हिडिओ तुम्ही लावता, त्याची घडी उलगडण्याची खास सोय त्या यंत्रात आहे की नाही, यावर ते ठरते. हे एकदा पटले की खर्च कुठे करायचा आणि कुठे नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही.

घडी हा शब्द मुद्दाम वापरला. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. लग्नाचे शूटिंग आपल्याकडे बहुधा सेकंदाला २५ चित्रांचे असते. ही चित्रे आहेत तशी साठवली, तर सेकंदाला सुमारे ७८ एमबी लागतील आणि तीन तासांचे लग्न ८४० जीबीच्या घरात जाईल. पेनड्राइव्हवर तेच लग्न दहा-बारा जीबीत मावते, कारण आधीच्या चित्रातले जे पुढच्या चित्रात तसेच राहिले ते पुन्हा न लिहिता फक्त बदल लिहिलेला असतो. चालवताना संगणकाला ही घडी उलगडून प्रत्येक चित्र पुन्हा उभे करावे लागते, आणि त्यासाठी हातात असतात फक्त ४० मिलिसेकंद. एखाद्या चित्राला ६० लागले की वेळ गेली. मग ते चित्र गाळले जाते, आवाज मात्र पुढे जात राहतो. मंगलाष्टके चालू असताना चित्र ठीक असते आणि अक्षता पडायला लागल्या की अडते, त्याचे कारण हेच. मांडव, फुलांच्या माळा, उभी माणसे स्थिर असतात, तोवर लिहिण्यासारखा बदल थोडा असतो. शेकडो दाणे एकाच वेळी हवेत उडाले की चित्राचा कोपरान् कोपरा बदलतो आणि उलगडण्याचे काम एकदम वाढते. म्हणून सरासरी पाहून फसू नये. प्रोसेसर सरासरी ७० टक्के वापरला जात असला, तरी अशा चार-दोन क्षणी तो पुरा पडत नाही, आणि डोळ्याला खुपतात ते हेच क्षण.

हे उलगडण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सगळी कामे करणाऱ्या प्रोसेसरने तेही करायचे. दुसरा, ग्राफिक्सच्या चिपमध्ये फक्त याच कामासाठी कोरलेल्या मंडलाने करायचे. हे मंडल ते काम अगदी थोड्या विजेत आणि वेळेत करते, पण ज्या पद्धतीची घडी त्याला शिकवलेली आहे तेवढीच त्याला येते, आणि पद्धती बदलत गेल्या. एच.२६४ ही पद्धत २००३ साली आली. एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, आणि व्हीपी९ या दोन्ही २०१३ च्या, तर एव्ही१ २०१८ ची. तुमचा प्रोसेसर २०११ चा आहे. त्याच्या पोटातल्या ग्राफिक्सला एच.२६४ उत्तम येते. एचईव्हीसी जन्मालाच आली नव्हती, ती त्याला येणार कुठून? इंटेलच्या सहाव्या पिढीत, २०१५ साली, साध्या एचईव्हीसीची सोय आली. सातव्या पिढीत दहा-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ आली, आणि एव्ही१ साठी २०२० ची अकरावी पिढी उजाडावी लागली. तेव्हा जुने एच.२६४ चे लग्न लोण्यासारखे चालते आणि नव्या मोबाइलवर घेतलेले दोन मिनिटांचे बारसे अडखळते, यात गूढ काही नाही. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसीत शूटिंग करू शकतात, आणि नवे कॅमेरेही ती पद्धत वापरतात.

आता दुकानात हमखास मिळणारा सल्ला तपासू: रॅम वाढवा, एसएसडी टाका. एसएसडीने संगणक लवकर चालू होईल, फायली चटकन उघडतील, हे खरे आहे आणि तेवढ्यासाठी ती जरूर घ्यावी. पण ब्लू-रे डिस्कवरच्या उत्तम व्हिडिओचा कमाल वेग सेकंदाला ४० मेगाबिट, म्हणजे ५ एमबी असतो. तुमची जुनी फिरती हार्डडिस्क याच्या दहापट वेगाने सहज वाचते. नळ भरपूर वाहतो आहे, अडलेले आहे ते पुढे, मग मोठा नळ बसवून काय होणार? रॅमचेही तसेच आहे. फक्त व्हिडिओ चालवायला ४ जीबी पुरते. माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पाहा. मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम टाका. अडणारी फाइल कोणत्या पद्धतीची, आठ बिटची की दहा बिटची, सेकंदाला किती चित्रांची, हे तो लिहून दाखवतो. मग ती फाइल चालवत टास्क मॅनेजर उघडा. एच.२६४ ची फाइल चालताना प्रोसेसर निवांत असेल आणि एचईव्हीसीची लावताच तो शंभराला टेकत असेल, तर दुखणे सापडले. एच.२६४ लाही तो शंभरावर असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट बसलेला नाही किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंग बंद आहे. हे दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही.

एचईव्हीसी हेच कारण ठरले, तर उपाय एक छोटे ग्राफिक कार्ड. एनव्हिडियाचे जीटी १०३०, जे २०१७ साली आले, ते या कामाला बसते. एचईव्हीसी दहा-बिटसह आणि व्हीपी९ दोन्ही त्याला येतात, ते जास्तीत जास्त ३० वॉट घेते आणि वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नाही. मागायला जाल तेव्हा जीटी ७१० हाती पडू देऊ नका. ते स्वस्त असते, पण त्याला एचईव्हीसी येत नाही, म्हणजे ज्यासाठी गेलो तेच राहते. कॅबिनेट बारीक असेल तर कमी उंचीचे कार्ड आणि त्याची छोटी पट्टी सोबत आहे ना, हे पाहून घ्या. कार्ड बसले की टीव्हीची केबल कार्डात लावायची, जुन्या जागी नाही. यूट्यूबपुरता प्रश्न असेल तर कार्डही नको. यूट्यूब ब्राउझरला बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवते. एच२६४इफाय नावाचे एक्स्टेंशन टाकले की तेच व्हिडिओ १०८० पर्यंत एच.२६४ मध्ये येतात, आणि ते तर तुमच्या यंत्राला येतेच.

एक गोष्ट मात्र खर्चाच्याही आधी करायची. तुमच्या नांदेडकडचा मे महिना चाळीस अंशांच्या वर असतो. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. पंख्याखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांत वर्षानुवर्षांची धूळ बसून तिचा नमद्यासारखा थर झालेला असतो. वरून पंखा गरगर फिरताना दिसतो, पण हवा खाली पोचत नाही. वायर काढून, पंखा उतरवून तो थर ब्रशने काढा, आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. हिवाळ्यात ठीक आणि उन्हाळ्यात अडते अशी तक्रार असेल, तर इलाज बहुधा इथेच आहे.

कधी सगळे करूनही, कॅमेरा संथपणे बाजूला फिरताना चित्र हलके हिसके देते. हे अडकणे नव्हे, इथे एकही चित्र गळत नाही. बोलपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो, ‘संत तुकाराम’ पाहा की कालचा चित्रपट. संगणक टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो. २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा आणि पुढचे तीनदा दाखवावे लागते. ही विषम चाल डोळ्याला कळते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये चित्रपटासाठी २४ हर्ट्झ आणि लग्नाच्या २५ चित्रांसाठी ५० हर्ट्झ निवडले, की चाल समान होते. कोडी नावाचा फुकट प्लेअर हे फाइल पाहून आपोआप बदलू शकतो.

यावर तुम्ही म्हणाल, एवढी खटपट कशाला, टीव्हीला लावायची स्ट्रीमिंगची काडी घेतली की झाले. हा आक्षेप मी हलका मानत नाही. विजेच्या हिशेबात काडी सरस आहे. तुमचा संगणक ७० वॉट घेतो असे धरले, तर रोज चार तासांनी महिन्याला सुमारे साडेआठ युनिट होतात. पाच वॉटच्या काडीला पाऊण युनिटही लागत नाही. पैसे भरून ओटीटीवरच पाहायचे असेल, तर काडीच घ्या. पण तुमचा ऐवज वेगळा आहे: हार्डडिस्कवरची लग्ने, कीर्तने, जुने चित्रपट. ते नीट लावून ठेवणे, कापणे, दुसरी प्रत काढून भाचरांना देणे हे काडीवर जमत नाही. दुसरा आक्षेप विंडोज १० चा. तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरला मान्य करत नाही. इंटरनेट न जोडता केवळ डिस्कवरचे पाहणार असाल, तर धोका थोडा. जोडायचे असेल तर लिनक्स मिंट टाकावे, तेही फुकट आहे आणि त्यावर कोडी चालते. तिसरा आक्षेप मी स्वतःच मांडतो: जीटी १०३० ला एव्ही१ येत नाही. उद्या फोर-के आणि एव्ही१ हाच तुमचा रोजचा आहार होणार असेल, तर या यंत्रावर कार्डाचा खर्च करू नका, ते पैसे नव्यासाठी ठेवा.

म्हणून क्रम असा धरा: आधी धूळ आणि पेस्ट, मग ड्रायव्हर आणि सेटिंग, मग हर्ट्झ, आणि मीडियाइन्फोने एचईव्हीसी दाखवली तरच कार्ड. पहिल्या तीन पायऱ्यांवर पेस्टच्या पुडीपलीकडे खर्च नाही. अक्षतांचा तो प्रसंग प्रत्येक पायरीनंतर लावून बघत जा, त्याहून कडक परीक्षा दुसरी नाही. तिथे चित्र अडले नाही की थांबा, पुढचा खर्च करू नका. मीडियाइन्फोत काय लिहून येते आणि कॅबिनेटची उंची किती, एवढे कळवा. कार्ड लागणारच असेल, तर कोणते बसेल ते लगेच सांगतो.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
भाचा