मधल्या फळीतला कारभारी

चेंडू जिकडे धावतो तिकडे प्रेक्षकांचे डोळे धावतात हा सर्वसाधारण नियम असला, तरी कचेरी सुटण्यापूर्वीच काहीतरी सबब काढून कूपरेजवर महिंद्रा युनायटेडचे फुटबॉल सामने पाहावयास जाणाऱ्या आम्हा फोर्टातील कारकून मंडळींपैकी मला, का कोण जाणे, चेंडू अद्याप यावयाचा आहे अशा जागेकडे पाहत राहण्याची खोड जडली होती. आणि त्या जागी पुष्कळदा खालिद जमील आधीच येऊन उभा असे. गोल करणाऱ्याच्या वाट्यास जयघोष येतो. मधल्या फळीतल्या खेळाडूकडे सारा कारभार असतो, परंतु कौतुकाच्या वाटणीत त्याचा हिस्सा नेहमीच तुटपुंजा. 2005-06 साली महिंद्राने राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हाही आमच्या गटात चर्चा झाली ती आघाडीच्या वीरांचीच.

पुढे दुखापतींनी त्याच्या खेळाला विराम दिला आणि 2009 साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मुंबई एफसीच्या प्रशिक्षकपदाची सूत्रे त्याच्या हाती आली. तो अंमल 2016 पर्यंत चालला. ते फुटबॉल नेत्रसुखद होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पिछाडी घट्ट बांधावयाची, चेंडू उंच पुढे धाडावयाचा आणि एका गुणावरही समाधान मानावयाचे, अशी ती काटकसरीच्या संसाराची रीत होती, आणि कित्येकदा मी जांभया देतच घरी परतलो आहे. तथापि मातब्बर संघांच्या तुलनेने तुटपुंज्या खजिन्यावर तो संघ वर्षानुवर्षे वरच्या श्रेणीत टिकून राहिला, याचे मोल आम्हांस तेव्हा उमगले नाही.

उमगले ते 2017 साली. आदल्या हंगामात पदावनत झालेल्या, आणि गोव्याच्या संघांनी अंग काढून घेतल्यामुळेच पुन्हा प्रवेश मिळालेल्या मिझोरामच्या ऐझॉल एफसीने खालिदला बोलावून घेतले. 30 एप्रिलला शिलाँग लाजाँगविरुद्ध एका गोलाने पिछाडीवर पडूनही त्या संघाने बरोबरी साधली आणि मोहन बागानच्या 36 गुणांपुढे 37 गुण मिळवून आय-लीग जिंकली. मी तो सामना घरी दूरदर्शनसंचासमोर उभ्यानेच पाहिला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन पदावनत झाली, आणि आमच्या आनंदात थोडा विषाद मिसळला.

ऑगस्ट 2025 मध्ये तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला आणि पुढच्याच महिन्यात ओमानला पेनल्टीवर नमवून संघाने मध्य आशियाई स्पर्धेत तिसरे स्थान मिळविले, तेव्हा निवृत्तीच्या आळसातून उठून मी 14 ऑक्टोबरच्या सिंगापूरविरुद्धच्या सामन्यासाठी मडगाव गाठले. तेथील फातोर्ड्याच्या मैदानावर मिझोरामच्याच छांगतेने प्रारंभी गोल केला. परंतु सिंगापूरने दोन गोल करून सामना जिंकला आणि 2027 च्या आशियाई चषकाची आशा संपली. सभोवार लोक प्रशिक्षकाला बोल लावीत होते. जबाबदारी त्याची आहेच, आणि त्याचा जाब त्याला विचारला जावाच. परंतु ज्या मुंबईकर संघांत तो खेळला नि घडला, त्यांपैकी महिंद्रा युनायटेड 2010 साली विसर्जित झाला आणि मुंबई एफसीही पदावनतीनंतर उरली नाही, याचा जाब मात्र आपण प्रेक्षकांनी अद्याप कोणालाही विचारलेला नाही.